चार ओळींचा भूलसुधार

मुकुंद दामले सिनेमा पाहत नाहीत. सिनेमाची परीक्षणं वाचतात, आणि परीक्षण लिहिणाऱ्याने तो सिनेमा पाहिला होता की नाही, एवढंच ठरवतात.

ग्वाल्हेरच्या दाना ओलीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची पुढची खोली आहे. तिथे रोज सकाळी ते तीन हिंदी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन बसतात. प्रत्येक परीक्षणाच्या डोक्यावर लाल पेन्सिलीने एक अक्षर लिहितात. पा म्हणजे पाहून लिहिलं. अ म्हणजे अर्धं पाहून लिहिलं. न म्हणजे न पाहता. मोबाइलवर पेन्सिल चालत नाही, म्हणून तिथली परीक्षणं आधी वहीत हाताने उतरवून घेतात आणि मग अक्षर देतात. अशा वह्या किती झाल्या, हे मी विचारलेलं नाही. त्यांच्या पत्नी सुमनवहिनींनी रद्दीवाल्याला दोनदा विचारलं आहे.

सिनेमा चांगला की वाईट, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. त्यांची कसोटी एकच.

"विशेषणं वाढली की समजायचं, हा हॉलमध्ये गेलाच नाही," ते म्हणतात. "ज्याने पाहिलं, तो एखादी वस्तू सांगतो. दरवाजा, कुत्रा, हीरोच्या शर्टाचं तुटकं बटन. न पाहणाऱ्याला बटन कुठून मिळणार?"

मी एकदा त्यांची परीक्षा घेतली. एका परीक्षणात तीन ठळक वस्तू होत्या, एक लाल छत्री, एक मोडका पूल आणि एक बोकड. मी ते त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी 'न' लिहिलं.

"दामलेजी, यात तीन वस्तू आहेत."

"तिन्ही ट्रेलरमध्ये आहेत," ते म्हणाले.

त्यांनी ट्रेलर चार वेळा पाहिला होता. सिनेमा अर्थातच नाही.

त्यांचं वय चौऱ्याहत्तर. महाराज बाड्याजवळ एका हिंदी दैनिकाचं कार्यालय होतं, तिथे मी उपसंपादक म्हणून लागलो तेव्हा डेस्क त्यांच्या हातात होतं. कार्यालयात ते दामलेजी, गल्लीत मुकुंदभैया. मला ते तेव्हा 'उपसंपादक' म्हणत आणि आजही म्हणतात. दरम्यान मी वृत्तसंपादक झालो, निवृत्त झालो, पाटणकर बाजाराच्या मागे घर घेतलं. त्यांच्या लेखी यातल्या कशाचीच नोंद झालेली नाही.

त्यांचा आवडता शब्द 'पुष्टी'. बातमी कोणीही आणो, दामले मान वर न करता विचारत, "पुष्टी?" एकदा एका वार्ताहराने शहरातले एक वयोवृद्ध वकील वारल्याची बातमी आणली. दामलेंनी वकिलांच्या घरी फोन लावला. फोन वकिलांनीच उचलला. दामले म्हणाले, "नमस्कार. पुष्टीसाठी केला होता," आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी वकील काठी टेकत कार्यालयात आले, दामलेंच्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "लीजिए दामलेजी, ठीक से पुष्टि कर लीजिए." दामलेंनी त्यांना चाय पाजली. वार्ताहराला आठवडाभर बाजारभावाच्या पानावर बसवलं.

घरीही हेच. वहिनी म्हणाल्या, "भात झाला," की खोलीतून आवाज येतो, "सूत्र कोण?"

"कुकर," वहिनी म्हणतात. "तीन शिट्ट्या देऊन गेला."

पण डेस्कवर त्यांचा खरा जीव होता तो दुसऱ्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात. तिथे 'भूलसुधार' छापत. बाकीचे संपादक चूक लपवतात. दामले ती शोधून काढून त्या कोपऱ्यात नेऊन बसवत. कोपऱ्याचे नियम त्यांनीच केले होते. चार ओळी, पाचवी नाही. विशेषण नाही. कारणं सांगायची नाहीत. शेवटी 'खेद है', त्याच्यापुढे 'अत्यंत' लावायचं नाही. आणि मुख्य नियम असा, की मत सुधारता येत नाही, तथ्य येतं. एखाद्या पुढाऱ्याचं भाषण कंटाळवाणं होतं असं छापलं, तर ते मत. ते भाषण झालंच नव्हतं, असं निघालं तर भूलसुधार.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी सात वाजायच्या आत त्यांचा फोन आला.

"उपसंपादक, उठलास? चांद का चपरासी परत आला."

मला काही कळलं नाही. असेल कोणी चपरासी, असं वाटलं. "कोणत्या खात्यातला?" मी विचारलं.

"खातं काय विचारतो? पिक्चर आहे. अरुणचा. तू ये इकडे."

मी गेलो. त्यांच्यापुढे अकरा परीक्षणं पसरलेली होती.

'चांद का चपरासी' हा अरुण फाटक नावाच्या दिग्दर्शकाचा चाळीस वर्षांपूर्वीचा हिंदी सिनेमा. ग्वाल्हेरच्या एका सरकारी दफ्तरातल्या चपराशाची बदली फाइलीतल्या घोटाळ्याने चंद्रावर होते, आणि दफ्तराचा हुकूम म्हणून तो जातो. यान म्हणजे धान्याची पत्र्याची कोठी. चंद्रावरचे लोक डोक्याला पितळेच्या चाळण्या लावून फिरतात. हे सगळं मुद्दाम जुन्या काळच्या अवकाशपटांसारखं केलं होतं, म्हणजे तो सिनेमा जन्मतःच जुना दिसत होता. तेव्हाच्या समीक्षकांना ते कळलं नाही. 'पोरखेळ', 'जुनाट', 'पत्र्याचे शास्त्र' असे मथळे आले आणि आठवड्याभरात सिनेमा उतरला. आता कुठल्याशा गोदामात त्याची धड प्रत सापडली, ती साफसूफ झाली, महोत्सवात दाखवली गेली, आणि अकरा वर्तमानपत्रांनी एकाच आठवड्यात लिहिलं की हा काळाच्या पुढचा सिनेमा होता.

"तेव्हा आपण 'जुनाट' लिहिलं, आता हे 'रेट्रो' लिहितात," दामले म्हणाले. "कोठी तीच आहे."

अकरांपैकी नऊ परीक्षणांवर 'न' होतं, दोनांवर 'अ'. 'पा' एकावरही नव्हतं. अकराच्या अकरा जणांनी कोठी आणि चाळण्या सांगितल्या होत्या, आणि दोन्ही गोष्टी जाहिरातीच्या चित्रात होत्या. एका मोठ्या दैनिकातली एक ओळ त्यांनी मला बोटाने दाखवली. 'मध्यांतरानंतर चित्रपट खरी भरारी घेतो.'

"हा माझा वारस," दामले म्हणाले.

मग त्यांनी कपाटातून एक जुनं कात्रण काढलं. आमच्याच दैनिकाचं. वरून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'मध्यांतर के बाद फिल्म ढीली पड़ जाती है.'

हे वाक्य डेस्कवर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. त्या काळी सिनेमाचं परीक्षण दामलेच लिहीत. सिनेमा शुक्रवारी दुपारी लागे, परीक्षण शनिवारच्या अंकात हवं असे, आणि ते पान संध्याकाळी लवकर छपाईला सुटे. म्हणून दामले मध्यांतरापर्यंत बसत आणि सायकल मारत कार्यालयात येत. उत्तरार्धासाठी हे एक वाक्य ठरलेलं होतं. खिळे जुळवणारा जुळारी ते आधीच जुळवून ठेवी. आमच्या माहितीत त्यावर कधी तक्रार आली नाही, कारण बहुतेक सिनेमे मध्यांतरानंतर ढिले पडतातच.

मी हसलो. दामले हसले नाहीत.

"या पिक्चरला मध्यांतर नव्हतं," ते म्हणाले. "छोटा होता. सलग दाखवायचा, असं अरुणने टॉकीजवाल्यांना लिहून दिलं होतं."

"म्हणजे तुम्ही अर्धाही..."

"अर्धा पाहिला असता तर माहीत पडलं नसतं का, की मध्यांतर नाहीये?"

अरुण फाटक लहानपणी दामलेंच्या समोरच्या घरात राहत. गल्ली इतकी अरुंद, की दोन्ही सज्जांतून हात लांब केला तर वाटी देता येते. त्या दोघांनी तशी बरीच वर्षं देवाणघेवाण केली, पुस्तकांची, पेरूंची, आणि परीक्षेच्या दिवसांत उत्तरांची. बाविसाव्या वर्षी फाटक मुंबईला गेले. बारा वर्षांनी हा एक सिनेमा केला. मुंबईआधी आठ दिवस तो ग्वाल्हेरात लावायचा, हा त्यांचा हट्ट. पहिला खेळ आपल्या गावात. दामलेंना दोन पास आले, चिठ्ठी आली की माझ्या शेजारची खुर्ची तुझी.

दामले गेले नाहीत. जाहिरातीची पुस्तिका पुढ्यात घेऊन त्यांनी परीक्षण लिहिलं. देशात त्या सिनेमावर छापून आलेलं ते पहिलं परीक्षण. पुढच्या आठवड्यात दोन मोठ्या शहरांतल्या पत्रांनी त्यातली वाक्यं उचलली, मध्यांतराच्या वाक्यासकट.

"पण का?" मी विचारलं.

"मित्राचा पिक्चर होता. लोक म्हणाले असते, दामलेने दोस्ती निभावली. पेपरात दोस्ती चालत नाही. म्हणून हात जरा आखडला."

हे उत्तर त्यांनी इतकं लगेच दिलं, की ते पूर्वी बऱ्याच वेळा दिलेलं असावं. निदान स्वतःला.

फाटक मुंबईत टिकले नाहीत. इंदूरला एका शाळेत चित्रकला शिकवू लागले आणि तिथेच राहिले. समोरचं घर त्यांच्या भावाने विकलं. चाळीस वर्षांत दोघांत पत्र नाही, फोन नाही. आणि आता शहरातल्या काही सिनेमावेड्या मंडळींनी मॉलमधल्या सिनेमागृहात एका रविवारी सकाळी 'चांद का चपरासी' ठेवला होता. फाटक येणार होते.

"त्याच्या आधी भूलसुधार छापून यायला पाहिजे," दामले म्हणाले. "अरुण स्टेशनवर उतरला की पेपर घेणार. तो आधी दुसरं पान वाचतो, लहानपणापासून."

"चाळीस वर्षांनी?"

"चुकीला मुदत नसते. आणि हे मत नाहीये, उपसंपादक. मध्यांतर होतं किंवा नव्हतं. नव्हतं."

मजकूर त्यांनी तयार ठेवला होता.

'इस पत्र में प्रकाशित "चांद का चपरासी" की समीक्षा में लिखा गया था कि मध्यांतर के बाद फिल्म ढीली पड़ जाती है. फिल्म में मध्यांतर नहीं था. समीक्षक ने फिल्म नहीं देखी थी. भूल के लिए खेद है.'

चार वाक्यं, चार ओळी, विशेषण नाही.

आम्ही दोघं कार्यालयात गेलो. आता ते बाड्याजवळ नाही, नव्या इमारतीत आहे. संपादक कीर्ती नावाची पस्तिशीतली मुलगी आहे. दामले निवृत्त झाले तेव्हा ती कॉलेजात असेल. तरी ती उभी राहिली, त्यांना स्वतःच्या शेजारची खुर्ची दिली आणि कागद दोनदा वाचला.

"सर, तीसरी लाइन निकाल दें?"

"का?"

दामले मराठीत बोलत होते. भावनेच्या भरात त्यांचं हिंदी सुटतं. कीर्तीला समजत होतं. तिचं बालपण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच, मराठी शेजारात गेलेलं.

"सर, समीक्षक ने फिल्म नहीं देखी थी, ये छपा तो लोग पूछेंगे, बाकी किसने देखी थी."

"विचारू देत."

"हमारे यहां हर शुक्रवार सात रिव्यू छपते हैं, सर."

"पता आहे. पाच 'न' असतात, दोन 'अ'."

कीर्तीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

तिने दुसरा मार्ग काढला. "सर, आप पूरा लेख लिखिए ना. दोस्त की यादें, दाना ओली, पुराना ग्वालियर. आपकी फोटो के साथ. रविवार को आधा पेज दे दूंगी."

"लेखात माणूस स्वतःचीच आरती ओवाळतो," दामले म्हणाले. "मला आधं पान नको. कोपरा पाहिजे."

"सर, कोने में तो पिछले हफ्ते की गलतियां जाती हैं."

"ही पण गेल्याच आठवड्यातली समज. ती चूक मी रोज करून राहिलो आहे."

कीर्तीने कागद घडी करून डायरीत ठेवला. मग म्हणाली की वरच्यांशी बोलून पाहते. वृत्तपत्रात याचा अर्थ काय, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

पुढचे दिवस दामले रोज पहाटे जिन्यातून खाली उतरत आणि पेपरवाल्याच्या हातातूनच पेपर घेत. दुसरं पान तिथेच उघडत. एरवी जिना चढताना त्यांचे गुडघे बोलतात, असं वहिनी सांगतात. शनिवारी मी गेलो तेव्हा वहिनींनी मला दारातच थांबवलं.

"त्यांना काही सांगा हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोन दिवस झाले, मी म्हणते भात झाला, तर 'बरं' म्हणतात. सूत्र विचारत नाहीत."

रविवारच्या अंकात भूलसुधार होता. आदल्या दिवशी श्वान प्रदर्शनाच्या छायाचित्राखाली एका कुत्र्याची जात चुकीची छापली होती. ती सुधारली होती. चार ओळी, 'खेद है', सगळं नियमाप्रमाणे. दामलेंनी तो मला वाचून दाखवला.

"चांगला लिहिलाय," ते म्हणाले. त्यांनी पेपरची घडी घातली. "चल. उशीर नको."

त्यांनी दोन शर्ट बदलले होते, वहिनींनी सांगितलं. मॉलच्या सरकत्या जिन्यापाशी थबकले. मी हात दिला, तो त्यांनी घेतला. अठ्ठावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण त्यांचा हात हातात येण्याची ती पहिलीच वेळ.

फाटक वर उभे होते. किडकिडीत, कानटोपी, जाड भिंगांचा चष्मा. भोवती पंचवीस-तीस तरुण मुलं-मुली, आणि एकेकजण शेजारी उभं राहून फोटो काढून घेत होता. एक मुलगी म्हणत होती, "सर, यू आर लिटरली अहेड ऑफ टाइम." फाटक म्हणाले, "बेटा, मैं तो ट्रेन से भी दो घंटे लेट आया हूं."

मग त्यांना दामले दिसले.

दोघं एकमेकांकडे पाहत उभे राहिले. मुलं बाजूला झाली. ही जागा मोकळी करून द्यायची आहे, हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

"मुकुंदा, किती जाड झालास रे," फाटक म्हणाले.

"तू उभाच्या उभा वाळलास."

"इंदूरचं पोहे-जलेबी मला अंगी लागत नाही. बस माझ्या शेजारी. आतमध्ये, म्हणतोय."

भूलसुधाराविषयी कोणी काही बोललं नाही. फाटकांच्या कोटाच्या खिशातून आजचा पेपर डोकावत होता. दुसऱ्या पानावर दुमडलेला.

आत फाटक, त्यांच्या डावीकडे दामले, दामलेंच्या डावीकडे मी. दिवे गेले आणि सिनेमा सुरू झाला.

मी पाहिला तेवढा सांगतो. चपरासी कोठीत बसतो आणि झाकण आतून लावायला विसरतो, म्हणून दफ्तरातले चार बाबू कोठीच्या मागे झाकण घेऊन धावतात. चंद्रावर उतरल्यावर तो आधी हजेरीचं रजिस्टर मागतो. रजिस्टर नाही म्हटल्यावर एका खडकावर सही करतो आणि समोर वेळ घालतो. पुढे तो प्रत्येक दगडावर 'प्राप्त' असा शिक्का मारत सुटतो, आणि चाळणीवाले त्याच्यामागून रांगेने येऊन शिक्क्याला नमस्कार करतात. यावर दामले हसले. आवाज न करता, खांदे हलवून, डोळे पुसत. त्यांना असं हसताना मी डेस्कवर पाहिलं नव्हतं.

मग चपराशाला घरची आठवण येऊ लागते. चंद्रावर एक टेलिफोन आहे, पत्र्याच्या डब्यांचा आणि सुतळीचा, आणि सुतळी पृथ्वीपर्यंत गेलेली आहे. तो डबा कानाला लावतो.

"हैलो, ग्वालियर? मुकुंद बाबू को दीजिए."

दामले जागच्या जागी ताठ झाले.

"हैलो मुकुंद बाबू? मैं बोल रहा हूं. यहां सब ठीक है. हवा नहीं है, बाकी सब ठीक है. मेरी बदली की अर्जी देख लेते. वापस ग्वालियर. कुछ भी काम चलेगा. हैलो? मुकुंद बाबू, सुनाई दे रहा है?"

पलीकडून काही आवाज येत नाही. चपरासी डबा कानाला लावून वाट पाहत राहतो. बराच वेळ. सिनेमागृहात लोक हसत होते, मग हसायचे थांबले.

अकराही परीक्षणं दामलेंनी ओळ न ओळ वाचली होती. मुकुंद बाबूचं नाव त्यांतल्या एकातही नव्हतं.

आणि तेवढ्यात दिवे लागले. पडद्यावर मक्याच्या लाह्यांची जाहिरात आली.

दामले उभे राहिले. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून ओरडले, "मध्यांतर नाही! या पिक्चरला मध्यांतर नाहीये! बंद करा हे!"

लोक वळून पाहू लागले. गणवेशातला एक व्यवस्थापक धावत आला. "सर, क्या हुआ? तबीयत ठीक है?"

"तबीयत काय विचारता? पिक्चर सलग आहे. लिहून दिलेलं आहे. चालू करा."

"सर, सिस्टम में सेट है. हर शो में दस मिनट अपने आप आता है. हम लोग भी नहीं रोक सकते."

"मग सिस्टमला सांगा!"

फाटक हसत होते. कानटोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि मनापासून हसत होते. त्यांनी दामलेंचा शर्ट मागून ओढला. "बस, मुकुंदा. बस खाली. बघ, आता तुझं परीक्षण बरोबर झालं."

दामले बसले. अर्धे प्रेक्षक लाह्या घ्यायला बाहेर गेले. आमच्या रांगेत आम्ही तिघंच उरलो. मी उठून जायला हवं होतं, पण दोघांपैकी कोणाच्या लक्षात मी आहे असं वाटलं नाही, आणि हललो असतो तर लक्षात आलं असतं.

"अरुण, मी तेव्हा पाहिला नव्हता," दामले म्हणाले.

"मला पता आहे. शेजारची खुर्ची रिकामी होती ना."

"सगळ्यांना सांगितलं, मित्राचा म्हणून हात आखडला. अजून हेच सांगतो. ते खरं नाही."

फाटक गुडघ्यावरच्या कानटोपीची घडी घालू लागले.

"पिक्चर चालला असता तर तू तिकडेच राहिला असतास," दामले म्हणाले. ते समोरच्या जाहिरातीकडे पाहत होते. "पडला तर परत येशील, असं वाटलं. मी वर सज्जाही साफ करून ठेवला होता."

पडद्यावर एक बाई तेल विकत होती.

"आणि तू इंदूरला गेलास," दामले म्हणाले. "इंदूर कशाला?"

"इथे कुठे येऊ? समोर तू होतास ना."

दामलेंनी मान हलवली. ही माहिती त्यांना नवीन होती, आणि पुष्टी त्यांनी मागितली नाही.

"एक पोस्टकार्ड टाकायचं होतंस," फाटक म्हणाले. "पिक्चर अर्धा टाकून आलो असतो."

लाह्यांच्या पिशव्या घेऊन लोक परत येऊ लागले. कोणीतरी पाय ओलांडून गेलं. दिवे मंद होऊ लागले, आणि पडद्यावर पुन्हा तोच खडक, आणि तोच डबा कानाला लावून तोच माणूस आला.

"अरुण," अंधारात दामलेंनी विचारलं, "तो मुकुंद बाबू उत्तर देतो का रे?"

"गप बस," फाटक म्हणाले, "आणि बघ."